गयाक्काचं टायर

मंदाचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या घरी आरशासमोर दाढी करत होतो. मंदा माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची, गयाक्काची, एकुलती एक लेक. "मामा, आई गेली," एवढंच बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "जल्दी या. ते येऊन बसलेत." ते म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. गालावरचा साबण तसाच पुसला आणि निघालो. अंबडहून जालना, जालन्याहून हसनाबादची एसटी, आणि तिथून पुढे मिळेल ते वाहन... सगळ्या वाटेत बहिणीसाठी रडू यायला हवं होतं, पण डोक्यात एकच घोळत होतं, की तो माणूस माझ्या आधी पोचला. आक्काच्या दारात उतरलो तर खरंच त्याची पांढरी मोटार उभी. मी आधी तिच्या चाकांकडे पाहिलं. कुठलीही गाडी दिसली की आधी चाकं बघायची, ही सवय मला आक्कानेच लावली. टायरं कंपनीच्या मापाची होती. माणूस शिकला म्हणायचा.

ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून ते बसले होते आणि आल्यागेल्याला सांगत होते, "गयाबाई म्हंजे माझी धाकटी बहीणच." तेच वाक्य त्यांनी पुढे स्मशानातल्या भाषणातही म्हटलं. मी ऐकून घेतलं. संपादकांनी नाव घालू नका असं सांगितलंय, म्हणून नाव लिहीत नाही, नुसतं अण्णा म्हणतो. आमच्या भागात अण्णा पुष्कळ आहेत. पण टायर म्हटलं की कोणत्या अण्णांकडे माना वळतात, ते त्या गावात कुणालाही विचारा.

स्मृतिलेखात गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. गयाक्काचा सगळ्यात मोठा गुण असा की तिने माफ केलं नाही. लोक हा दुर्गुण समजतात, समजोत. लहानपणी मला कडेवर घेऊन ती रानात जायची, स्वतःच्या वाटची भाकरी मला भरवायची, माझ्या शिक्षणासाठी तिने वडिलांशी भांडण केलं, हे सगळं आहेच. पण तिच्या लग्नात आमचे एक चुलते मांडवात सगळ्यांदेखत तिच्या रंगावरून बोलले होते. तेव्हा ती मान खाली घालून बसली. पुढे हे चुलते जेव्हा जेव्हा तिच्या सासरी गेले तेव्हा तेव्हा तिने त्यांना हसतमुखाने वाढलं, आणि दर वेळी त्यांच्याच ताटातलं वरण अळणी निघालं. ते मरेपर्यंत. त्यांना वाटायचं, बिचारीला स्वयंपाक येत नाही.

तिचा नवरा, किसनदाजी, अण्णांच्या जीपवर ड्रायव्हर होता. अण्णा तेव्हा पंचायत समितीचे सभापती, आणि पुढची निवडणूक डोक्यावर आलेली. ऐंशीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. जालन्याला कुठल्याशा पुढाऱ्याची गाडी त्यांनी पाहिली, जमिनीपासून हातभर उंच, दांडगी टायरं लावलेली, आणि ती त्यांच्या मनात भरली. आपली जीप तिच्यापुढे बसकी दिसते म्हणाले. लागलीच दुकान गाठलं. टायरवाल्याने सांगितलं, बसतील साहेब, पण ही या गाडीच्या मापाची न्हाईत, स्टेरिंग पुरं काटलं की आतून घासतील. अण्णा त्यावर जे बोलले ते दाजींनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. "रस्ता सरळ हाय. वळायची गरजच काय?" आतल्या लोखंडी डिस्कसकट चार चाकं नवी चढली. कंपनीची जुनी चाकं दाजींच्या अंगणात आली, कारण अण्णांच्या वाड्यात ती जागा अडवत होती. आक्काने ती भिंतीकडेला आडवी मांडली, वर फळ्या टाकल्या आणि त्यावर कुरडया वाळत घातल्या.

दाजी खुशीत होते, हेही सांगितलं पाहिजे. त्यांना साधुसंत करायचं मला काही कारण नाही. उंच बसायला मिळतंय याची त्यांना हौस होती. खिडकीतून कोपर बाहेर काढून गावातून जीप नेताना ते ओळखीच्या माणसालाही वरून बघायचे. आक्कालाच ती गाडी पहिल्यापासून आवडली नाही. तिला चढताना पाय पुरेना. आणि अंगणाकडे जीप वळली की आतून आवाज यायचा. "जात्यात खडा आल्यावानी कायतरी वाजून राह्यलं तुमच्या गाडीत," ती म्हणायची. दाजी म्हणायचे, "थोडं घासतंय. चाकावरचा पत्रा ठोकून वर केला की बराबर होईल." पत्रा ठोकला. कोरड्या रस्त्यावर भागलंही. पण आपली जमीन काळी. पाऊस झाला की चाकावर चिखलाचे थर चढतात, टायर आणि पत्रा यांच्यात कंपनीने बोटभर जागा सोडलेली असते ती त्यासाठीच. इथे ती जागाच उरली नव्हती. दाजींनी अण्णांना एकदा सांगून पाहिलं, की निवडणुकीपुरती ठेवा, मग काढू. अण्णा म्हणाले, तू ड्रायव्हर आहेस की मालक?

श्रावणातल्या एका दुपारी दाजी भोकरदनहून रिकामी जीप घेऊन येत होते. नळीच्या पुलाआधी जो आडवा वाक आहे, तिथे समोरून बैलगाडी आली. त्यांनी स्टेरिंग पूर्ण काटलं... आणि जीप सरळ गेली. सरळ पुलाखाली गेली. जालन्याच्या दवाखान्यात ते शुद्धीवर आले तेव्हा आक्का आणि मी उशाशी होतो. बोलायला त्रास होत होता, तरी बोलले. "गया, चाक वळलंच न्हाई. चिखल भरला आन अडकून बसलं. मी वळीवलं होतं." हे शेवटचं, मी वळवलं होतं, ते दोनतीनदा म्हणाले. तिने त्यांच्या कपाळावर हात ठेवून सांगितलं, "म्हाईत हाय मला." दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांना घेऊन आम्ही गावी आलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. बायकांनी आक्काला धरलं, ती आक्रोश करत होती, आणि एकाएकी गप्प झाली. मला वाटलं भोवळ आली. ती भिंतीकडे बघत होती. कुरडयांच्या फळ्या चिखलात पडल्या होत्या, आणि ओल्या जमिनीवर पिवळ्या पडलेल्या गवताची चार गोल वर्तुळं उरली होती. चाकं नव्हती. आम्ही दवाखान्यात असताना कुणीतरी नेली होती. कोणी नेली हे शेजारणीने हळूच सांगितलं. जीप ट्रॅक्टरने ओढून आधी अण्णांच्या गोठ्यात गेली होती, तिथे तिला ही जुनी चाकं परत चढली, पंचनामा त्यानंतर झाला. पंचनाम्यात टायरं कंपनीच्या मापाची. विम्याचा वांधा नको आणि निवडणुकीत बोभाटा नको, म्हणून मालकाने दोन्ही सोयी केल्या. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा ठरला. संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की किसन प्यायला होता. ज्या माणसाने कधी थेंब घेतला नाही, त्याच्या मयताला आलेली माणसं एकमेकांच्या कानात हे बोलत होती, आणि तिरडीला पहिला खांदा अण्णांनी दिला. त्यानंतर आक्का कुणासमोर रडलेली मी पाहिली नाही.

मी तेव्हा तरुण होतो, अंबडला नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो, आणि माझं रक्त उसळत होतं. आधी तक्रार करून पाहिली. मिटलेलं प्रकरण म्हणून परत पाठवलं. मग मी आक्काला म्हणालो, त्याच्या कडब्याची गंजी पेटवून देतो. अगदी मनापासून म्हणालो होतो, काडेपेटी खिशात होती. आक्का भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "येडा हायेस का? गंजी जळाली तर सारं गाव त्याच्यासाठी हळहळ करील. त्याला कुणाची हळहळ मिळू द्यायची न्हाई." सूड कसा घ्यायचा हे मला त्या दिवशी कळलं. मी काडेपेटी चुलीपाशी ठेवली.

अण्णांची एक खोड तिला ठाऊक होती, त्यांना नवी वस्तू फेकवत नसे. काढलेली मोठी टायरं त्यांनी विहिरीत टाकली असती तर विषय संपला असता. पण नव्याकोऱ्या टायरांवर त्यांचा जीव अडकला आणि त्यांनी ती आपल्या बैलगाड्यांना बसवली. आमच्याकडे बैलगाडीला मोटारीची जुनी चाकं लावायची पद्धतच आहे, कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. पुढच्या वर्षी कापूस वेचायला आक्का मजुरीने गेली तेव्हा बांधावर ती गाडी उभी होती. तिने वाकून आतल्या अंगाला हात लावून पाहिला. एका टायराची कड तासल्यासारखी झिजलेली होती. जीपच्या पत्र्यावर घासून घासून झिजलेली. ती परत ओटीत कापूस भरायला लागली. फक्त हसनाबादला जाऊन रफीकभाईंना एक शब्द सांगून आली.

रफीकभाईंचं पंक्चरचं दुकान हसनाबादच्या फाट्यावर होतं, दाजींची त्यांची जुनी दोस्ती. अण्णांच्या गाड्यांची पंक्चरं तिथेच यायची. बरेच दिवस गेले, आणि एकदा तेच चाक आलं. रफीकभाईंनी गाडीवानाला सांगितलं, "ये टायर खतम हो गया, फेक दो," आणि आपल्याकडचं दुसरं बसवून दिलं. मग निरोप धाडला. आक्का आणि मी गेलो तर त्यांनी टायर धुऊन, पुसून, दुकानाच्या आत आडोशाला उभं केलं होतं. "भाभी, किसनभाई झूठ नहीं बोल्या था," म्हणाले, आणि झिजलेल्या कडेवर अंगठा फिरवला. आक्का ते टायर हाताने ढकलत गावापर्यंत चालत आली. मी घेतो म्हटलं तर घेऊ दिलं नाही.

पुढच्या निवडणुकीची पहिली सभा गावच्या चौकात होती. अण्णा स्टेजवर, हार घातलेले. आक्का टायर गडगडवत आली, बायकांच्याही पुढे, अगदी स्टेजसमोर ते आडवं टाकलं आणि त्यावर बसली. घोषणा नाही, शिव्या नाहीत, पदर डोक्यावर नीट घेतलेला. कार्यकर्त्याने विचारलं, "मावशी, टायर कशाला आणलं?" ती म्हणाली, "बसायला. खाली ओल हाय." मे महिन्यातली सभा, जमिनीला भेगा पडलेल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा नेमके रस्त्यांवर बोलत होते. त्यांची नजर टायरावर गेली आणि वाक्य मधेच तुटलं... पाण्याचा ग्लास मागितला, परत सुरुवात केली, परत तुटलं. कोपऱ्यातून एक आवाज आला, "अण्णा, चाक वळंना का?" त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

ती निवडणूक अण्णा हरले. त्यांच्या पक्षाची हवा नव्हती असं म्हणतात, असेल. पण नंतर सोसायटीची निवडणूक असो, शाळेचं झेंडावंदन असो, कुणाच्या लग्नात आशीर्वादाचं भाषण असो, अण्णांच्या हातात माइक आला की समोर आक्का टायरावर बसलेली. विचारणाऱ्याला एकच उत्तर, ओल हाय. लोकांनी विचारणं सोडलं. अण्णांनी माइक घेणं सोडलं नाही, त्यांना ते सोडवतच नव्हतं, पण त्यांची भाषणं आखूड होत गेली. माणसं पाठवून त्यांनी मिटवायचाही प्रयत्न केला. शिलाई मशीन देतो, मंदाला आपल्या संस्थेत नोकरी देतो. आक्काची अट सोपी होती. "चौकात माइकवरून सांगायचं. टायर मीच बसीवले, किसन मेल्यावर मीच बदलले, किसन प्याला न्हवता. एवढं म्हणा, मी टायर जाळून टाकते." निरोप्या परत जायचा आणि दुसरा यायचा नाही.

याची किंमत मंदाने मोजली, हे लिहिलं नाही तर ती मला बोलेल. त्या नोकरीची तिला आशा होती. एकदा माझ्यासमोर ती आईवर ओरडली होती, "मेलेल्या माणसाच्या अब्रूसाठी माझं आयुष्य त्या टायराला बांधून ठिवलंस तू!" आक्का म्हणाली, "त्याची नोकरी घेतली तर रोज त्याला नमस्कार करशील. तुझा बाप दारुडा व्हता असं कबूल केल्यावानी व्हईल ते." मंदा चिडून माझ्याबरोबर अंबडला आली, तिथेच शिकली, स्वतःच्या पायावर उभी राहिली. मायलेकी वर्षभर बोलल्या नाहीत. त्या टायराने दाजींची अब्रू धरून ठेवली खरी, पण घरातलं बरंच काही झिजलंही.

आक्काला मी शेवटचं भेटलो ते ती जायच्या थोडे दिवस आधी. खाटेवर होती, आवाज खोल गेलेला. आदल्याच दिवशी अण्णा येऊन गेले होते. म्हातारे झालेत, काठी लागते, मुलगा आता राजकारणात उतरू पाहतोय. ते म्हणाले, गयाबाई, आता कशाला, मिटवून टाकू. "मंग म्हणा की," आक्का म्हणाली. अण्णांनी इकडेतिकडे बघितलं, घरात मंदाशिवाय कुणी नव्हतं. म्हणाले, इथं म्हणतो. आक्काने तोंड भिंतीकडे केलं. दारी आलेल्या माणसाला तिने पाणीसुद्धा विचारलं नाही, मंदा तांब्या घेऊन निघाली तर तिलाही थांबवलं. मी तिला म्हटलं, "आक्का, घरात का होईना, म्हणू द्यायचं होतंस. तुझे कान तर निवले असते." ती हसली. "घरात मला म्हाईतच हाय की रे. चौकाला म्हाईत न्हाई."

दहाव्याला सगळा गाव नदीवर होता. अण्णा पहिल्या रांगेत, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. दाजींच्या पुतण्याने पिंड ठेवला आणि आम्ही मागे सरलो. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द द्यायचा असतो. मंदाने दिला, पुतण्याने दिला, मीही काहीबाही बोललो. ऊन चढत चाललं. हळूहळू माणसांच्या नजरा एकाच जागी वळायला लागल्या. अण्णांनी घाम पुसला. "गयाबाई, तुमच्या नावानं गावात पाणपोई बांधतो," ते म्हणाले. कावळे जागचे हलले नाहीत. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "थांबा महाराज, घाई काय हाय?" मला घाई नव्हती. त्या माणसाला उन्हात उभं बघायला मी इतकी वर्षं थांबलो होतो.

शेवटी मुलानेच त्यांना पुढे ढकलल्यासारखं केलं. अण्णा खाली बघत पुटपुटले, "टायर मीच बसीवले व्हते." मी म्हणालो, "ऐकू न्हाई आलं अण्णा." ते मोठ्याने म्हणाले, "टायर मीच बसीवले. आन मीच बदलले. किसन प्याला न्हवता." रफीकभाई एका बाजूला उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. आता कावळा शिवणार म्हणून सगळ्यांनी माना वर केल्या. कावळ्यांनी खाली पाहिलं, आणि एकेक करून पलीकडच्या तीरावर उडून गेले.

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. मला मात्र हसू फुटत होतं, खोटं कशाला बोलू. भटजींनी दर्भ पिंडाला लावला तेव्हा मंदा माझ्या कानाशी आली. जी मुलगी त्या टायरावरून आईशी वर्षभर बोलली नव्हती, ती मला म्हणाली, "मामा, इथं माइक कुठं हाय?"

म्हणून हा लेख. आक्काच्या गावच्या चौकात हॉटेल आहे, तिथे रविवारची पुरवणी येते आणि कुणीतरी एकजण ती सगळ्यांसाठी मोठ्याने वाचतो. अण्णा रोज सकाळी तिथेच चहाला असतात. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, तेव्हा वाचणाऱ्याला माझी विनंती आहे, जरा आवाज चढवून वाच.